कराराची वही

पोरांनो, पाच घरं मिळून प्रभूपुढे करार करणार म्हणालात, जीव सुखावला माझा. सह्या करण्याआधी वही मला दाखवलीत, तेही बरं केलंत. सतरा कलमं लिहिलीत तुम्ही! पहाटे चारला प्रार्थना, दर शुक्रवारी उपास, सगळ्यांची मिळकत एकत्र. खोडा. तीनच ठेवा, आणि तीसुद्धा रात्रपाळी करून आलेल्या माणसाला आणि तान्ह्या बाळाच्या आईला पाळता येतील अशी. ठरलेला शास्त्रभाग रोज आपापल्या घरी वाचायचा. आठवड्यातून एकदा एकत्र बसायचं. कुणाबद्दल मनात काही आलं तर ते त्यालाच जाऊन सांगायचं.

करार जन्माचा नको, वर्षाचा करा. जॉन वेस्लीनं १७५५ साली करार-उपासना सुरू केली. मेथडिस्ट मंडळ्यांत ती अजून नव्या वर्षाच्या सुरुवातीला होते. देव विसरत नाही, आपण विसरतो, म्हणून दरवर्षी पुन्हा हो म्हणायचं.

तिसरं कलम सगळ्यांत अवघड. आमच्या वेळी सात घरं होती, सहा वर्षं छान चाललं. मग एका घरानं मुलीच्या लग्नासाठी सगळ्यांच्या पेटीतले पैसे उचलले अशी कुजबुज उठली. त्यांना जाऊन कुणी विचारलं नाही. आम्ही बाया एकमेकींच्या कानात सांगायचो, ‘त्यांच्यासाठी प्रार्थना करा हं.’ मीही सांगितलं. खरं काय होतं, तर ज्याच्याकडे पेटी होती त्यानंच पैसे उसने दिले होते आणि दोन महिन्यांत ते परतही आले. ते घर मात्र आमच्यात परत आलं नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूनं वाट सांगितलीय: आधी एकट्यानं जा, नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. आम्ही ती उलटी चाललो.

जर्मनीतल्या हेर्नहूटची गोष्ट सांगताना लोक शंभर वर्षं चाललेली प्रार्थनेची साखळी सांगतात. मला तिच्या आधीचं आठवतं. मोराव्हियातून आणि इतर ठिकाणांहून आश्रयाला आलेली ती माणसं आपसात भांडून विस्कटली होती. ज्याच्या जमिनीवर ती राहत होती तो झिंझेनडॉर्फ घरोघर जाऊन त्यांच्याशी बोलत बसला. मे १७२७ मध्ये करारावर सह्या झाल्या, आणि प्रार्थनेची साखळी त्यानंतर ऑगस्टात सुरू झाली.

पैशाचं म्हणाल तर पेटी ठेवा, पण मोजायला नेहमी दोन घरची दोन माणसं, आणि हिशेब त्याच वहीत. मिळकत एकत्र करू नका. प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात पेत्र हनन्याला सांगतो, की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. त्याचा गुन्हा खोटं बोलण्याचा होता.

बैठकीला चहा, फार तर बिस्किटं. आमच्याकडे जेवणावळी सुरू झाल्या, आणि ज्या घरी पाळी त्या घरची बाई भाकऱ्या थापत राहायची. प्रार्थना तिच्या कानावर भिंतीपलीकडून यायची. तसं होऊ देऊ नका.

कबुली बायांनी बायांपाशी द्यावी, पुरुषांनी पुरुषांपाशी, आणि ऐकलेलं तिथंच राहावं. पण कुणाला घरात मार बसतोय, लेकराला त्रास होतोय असं कळलं, तर तिथं गप्प बसणं हे पाप आहे. आणि कुणाचं मूळचं घराणं कुठलं, बापजादे कोणत्या वस्तीतले, हा प्रश्न चेष्टेतही तुमच्या बैठकीत निघता कामा नये. आपल्या मंडळ्यांनी त्यापायी फार सोसलंय.

पाळकांना पहिल्याच दिवशी सांगा, आणि रविवारची उपासना चुकवू नका. ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात देवाचा दरबार उभारला, बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली. शेजारचं कुणी नुसतं ऐकायला आलं तर तुम्हीही सतरंजीवर जागा करून द्या, आग्रह कसला करू नका. पण १९१९ साली टिळक गेले आणि दरबाराचा आधारच गेला. म्हणून बैठक चालवायची पाळी दर महिन्याला बदला. ज्याला बोलता येत नाही त्यालाही द्या. तो नुसतं वाचेल.

आणि कुणी जायचं म्हणालं, तर त्याच्यासाठी प्रार्थना करून, हात हातात घेऊन, सलाम करून निरोप द्या. वहीतलं त्याचं नाव खोडू नका. पुढं थोडी जागा कोरी सोडा.