होड्यांची सुट्टी

मुलांनो, जून महिन्यात तुमची सुट्टी संपते आणि शाळा सुरू होते. त्याच वेळी कोकणच्या किनाऱ्यावर होड्यांची सुट्टी सुरू होते. हर्णै, मिरकरवाडा, मालवण येथे गेलात, तर किनाऱ्यावर रांगेने झाकून ठेवलेल्या होड्या तुम्हांला दिसतील.

ही सुट्टी कशासाठी? पावसाळ्यात जोराचे वारे वाहतात. समुद्र खवळतो. नांगरलेली होडीसुद्धा लाटांमुळे खडकावर आपटून फुटते. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस होड्या पाण्याबाहेर काढतात.

एवढी जड होडी वर कशी आणतात? मच्छीमार अमावास्येची किंवा पौर्णिमेची वाट पाहतात. त्या सुमारास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात व समुद्राला मोठी भरती येते. तिला उधाणाची भरती म्हणतात. त्या पाण्यावर होडी किनाऱ्याला खूप वरपर्यंत येते. मग तिच्याखाली लाकडी ओंडके ठेवतात, दोर बांधतात आणि सगळे मिळून ओढतात. काही ठिकाणी आता क्रेन वापरतात.

होडी वर आली, की पुढचे काम सुरू होते. तळाला चिकटलेले शिंपले खरवडून काढतात. गोड्या पाण्याने होडी धुतात. इंजिन साफ करून त्याला तेल लावतात. नाहीतर खाऱ्या हवेने ते गंजते. लाकडी होडीच्या फटींत कापूस ठोसतात व वरून राळ आणि तेल लावतात. शेवटी नारळाच्या झावळ्यांनी किंवा प्लॅस्टिकच्या कापडाने होडी झाकतात. याला होडी शाकारणे म्हणतात. झाकताना वारा खेळेल एवढी जागा ठेवतात. आत ओल कोंडली, तर लाकूड कुजते.

या सुट्टीचे आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात पुष्कळ मासे अंडी घालतात. एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. ती मादी जाळ्यात सापडली, तर पुढची सारी पिल्लेही गेली! म्हणून १९८१ च्या कायद्यानुसार शासन या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी करते. ही बंदी साधारणपणे १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस असते.

हे दिवस सोपे नसतात. खलाशी आपापल्या गावी जातात. घरात मिळकत थांबते. शिलकीवर किंवा उसनवारीवर संसार चालवावा लागतो. तरी मच्छीमार रिकामे बसत नाहीत. ते फाटलेली जाळी दुरुस्त करतात, नवी विणतात. एखाद्याने चोरून जाळे टाकले, तर नुकसान साऱ्या बंदराचे होते. म्हणून सर्वांनी मिळून थांबावे लागते.

पुढे ऑगस्ट महिन्यात तुम्ही बाजारात ताजी मासळी पाहाल. त्या वेळी आठवा : ती मासळी जाळे टाकल्यामुळे मिळाली, पण त्याआधी दोन महिने जाळे न टाकल्यामुळेही मिळाली.

शब्दार्थ
उधाण – समुद्राच्या पाण्याचे खूप चढणे
ओंडका – झाडाच्या खोडाचा जाड तुकडा
झावळी – नारळाच्या झाडाचे लांब पान
खलाशी – नौकेवर काम करणारा
उसनवारी – परत देण्याच्या बोलीवर घेतलेले पैसे

स्वाध्याय
१. होडी वर काढण्यासाठी मच्छीमार अमावास्येची किंवा पौर्णिमेची वाट का पाहतात?
२. होडी झाकताना वाऱ्याला जागा का ठेवतात?
३. ‘सर्वांनी मिळून थांबावे लागते.’ असे लेखक का म्हणतो? तुमच्या शब्दांत लिहा.
४. वाक्यांत उपयोग करा : वाट पाहणे, रिकामे बसणे.