चारा सल्ला : बांधीतली ओल आणि चाऱ्यातलं जस्त-तांबं



पोटभर चारा असूनही गाय वारंवार उलटते, केस राठ-फिके होतात, कातडीचे पापुद्रे सुटतात. असं दिसलं तर चाऱ्यात जस्त-तांबं कमी असू शकतं. याचा संबंध जमिनीतल्या ओलीशी आहे.

*पाणी साचलं की :* मातीतली हवा जाते. लोह आणि मॅंगनीज विरघळून पिकात जास्त जातात, जस्त मात्र मुळांना कमी मिळतं. चाऱ्यातलं जास्तीचं लोह जनावराच्या पोटात तांब्याला अडवतं.

*माती सुकली की :* जस्त-तांबं मातीत असतं, पण मुळापर्यंत ते पाण्यातूनच पोहोचतं. ओल गेली की वाट बंद.

म्हणून चाऱ्याला वाफसा सगळ्यात चांगला.

*काय करावं?*
१) मका, ज्वारी, नेपियर सखल बांधीत नको, निचऱ्याच्या जागी लावा.
२) नुसत्या तणसीवर जनावर ठेवू नका. धानावर खैरा आला असेल तर त्या तणसीतही जस्त कमी असण्याची शक्यता असते. सोबत चवळी, बरसीम द्या.
३) दुभत्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्या. गायीचं मिश्रण मेंढ्यांना देऊ नका, जास्त तांबं त्यांना विषारी ठरतं.
४) माती परीक्षणात जस्त कमी आलं तर चिखलणीला एकरी १० किलो झिंक सल्फेट टाका. सुपर फॉस्फेटमध्ये मिसळू नका.

गाय उलटण्याची इतरही कारणं असतात. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, आमगाव