औषधपात्र आणि प्लास्टिक : काही विचार

जल कोणत्या पात्रात ठेवावे, याचा विचार सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ४५ व्या अध्यायात आला आहे. सुवर्ण, रौप्य, ताम्र, कांस्य, मणिमय आणि मृण्मय अशी पात्रे तेथे सांगितली आहेत. आसवारिष्टांच्या संधानासाठी घृतलिप्त मृत्पात्र घ्यावे, हेही आपण विद्यार्थिदशेपासून जाणतो. आज मात्र तयार औषध विक्रीसाठी बहुधा प्लास्टिकच्या बाटलीतच भरले जाते.

प्लास्टिकचा मूळ बहुवारिक रेणू फार मोठा असल्याने तो सहसा विरघळत नाही. पाझरतात ते त्यात राहून गेलेले लहान रेणू व धात्वंश. पेट बाटलीच्या निर्मितीत अँटिमनीचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरतात. पॉलिकार्बोनेटच्या वीस लिटरच्या जारमधून बिस्फेनॉल ए सुटू शकते. उष्णता आणि साठवणुकीचा काळ वाढला की हे पाझरणे वाढते. बाटलीबंद पाण्यातील अँटिमनी साठवणुकीत वाढत जाते, हे २००६ साली विल्यम शॉटिक यांच्या संशोधनाने दाखविले. सामान्य तापमानाला हे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला २० मायक्रोग्रॅम या मर्यादेच्या बरेच खाली असते, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्याला सरसकट दूषीविष म्हणणे आम्हांस घाईचे वाटते.

परंतु आपला विषय केवळ पाण्याचा नाही. खाद्यपदार्थांसाठीचे प्लास्टिक तपासताना प्रयोगशाळा शुद्ध जलाबरोबरच सौम्य ॲसेटिक आम्ल, मद्यार्काचे द्रावण आणि स्नेहासाठी तेलसदृश द्रावकही वापरते, कारण प्रत्येक द्रव वेगवेगळे घटक ओढून घेतो. वैद्यवाचकांना यात आपलेच औषधालय दिसेल. आसवारिष्टे आम्ल असतात आणि त्यांत सुमारे ५ ते १२ टक्के स्वयंजनित मद्यांश असतो. सिद्धतैले व घृते तर स्नेहच. पाण्यासाठी निर्दोष ठरलेली बाटली त्यांना चालेलच असे मानता येत नाही.

पंढरपुरात उष्णतेचा प्रश्न वेगळा सांगावा लागत नाही. चैत्री वारीच्या सुमारास पारा चाळिशीच्या आसपास असतो. दुकानाबाहेर उन्हात रचलेली पाण्याची खोकी, चंद्रभागेचे तीर्थ गावी नेण्यासाठी घेतलेले स्वस्त कॅन आणि बंद गाडीत दिवसभर तापलेल्या बाटल्या येथे नित्य दिसतात. तीर्थ वर्षभर देव्हाऱ्यात ठेवणाऱ्यांनी घरी पोचताच ते तांब्याच्या गडूत काढावे, एवढे रुग्णांना सांगणे कठीण नाही.

शासकीय पातळीवर बालके, वृद्ध व प्रजननक्षम वयातील स्त्रियांच्या द्रव औषधांसाठी पेट बाटल्या नकोत, असा मसुदा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली काढला. पुढे तज्ज्ञ समितीला हानीचा निर्णायक पुरावा आढळला नाही. दुधाच्या बाटल्यांतील बिस्फेनॉल एबाबत मात्र दुमत उरले नाही. भारतीय मानकाने २०१५ साली अशा बाटल्यांतून ते वगळले.

औषधालय चालविणाऱ्या बंधुभगिनींनी तैले व अरिष्टे शक्यतो काचेत भरावीत. काच महाग पडते आणि वाहतुकीत फुटते, ही अडचण खरी आहे; तेव्हा निदान दीर्घकाळ राहणारा मोठा साठा तरी काचेत ठेवावा. प्लास्टिक घ्यावेच लागले तर ज्या द्रवासाठी ते तपासले आहे, त्याचा दाखला पुरवठादाराकडून लेखी मागावा. गरम काढा नेण्यासाठी रुग्ण पाण्याची रिकामी बाटली पुढे करतो, तेव्हा त्याला स्टीलचा डबा आणावयास सांगावे. तो नसल्यास काढा पूर्ण निवेपर्यंत बसवून ठेवावे.