शोकाच्या घरी जाताना

प्रिय बाळ,

तुझं पत्र मिळालं. पाळक म्हणून पहिलाच दफनविधी, आणि तोही मोटारसायकलच्या अपघातात गेलेल्या तरण्या पोराचा. कबरीपाशी त्याच्या आईनं विचारलं, ‘माझा लेक आता कुठं आहे?’ आणि तुझी वाचाच बसली. त्यात लाजण्यासारखं काही नाही. घाईनं काहीतरी बोलून मोकळा झाला असतास, तर ते मला खटकलं असतं.

आता रविवारी त्याच घरी सांत्वनाची प्रार्थना आहे. त्याआधी योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय सावकाश वाच. लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले, तेव्हा प्रभू बेथानीला पोचला. मार्था आणि मरीया, दोघींनी एकच गाऱ्हाणं मांडलं: तू इथं असतास, तर आमचा भाऊ गेला नसता. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला. मरीयेला रडताना पाहून मात्र स्वतः रडला. थोड्याच वेळात लाजराला हाक मारायची आहे हे ठाऊक असूनही रडला. म्हणून ‘रडू नका, देवाला तो जास्त प्रिय होता’ असं कुणी त्या आईला सांगू लागलं, तर तू त्यात सूर मिसळू नकोस. पौलानं थेस्सलनीकाच्या मंडळीला दुःख करायला मनाई केली नाही. आशा नसलेल्यांसारखं करू नका, एवढंच सांगितलं. करिंथकरांना लिहिताना त्यानं मरणाला शत्रू म्हटलं आहे. शत्रूची वकिली पाळकानं करू नये.

मग आशा ती कोणती? लाजर उठला खरा, पण पुढं कधीतरी पुन्हा गेलाच असणार. आपला भरवसा ख्रिस्तावर आहे. तो उठला तो पुन्हा न मरण्यासाठी. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल साक्षीदार मोजून दाखवतो: केफा, बारा जण, एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, ज्यांतले बहुतेक तेव्हा हयात होते. आणि सरळ म्हणतो, ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास फुकट. नुसती मनाची समजूत घालणारा असं बोलत नाही. तिथंच तो पेरलेल्या दाण्याचा दाखला देतो. तुझी मंडळी शेतकऱ्यांची. त्यांना तो फोडून सांगावा लागणार नाही. एवढं मात्र स्पष्ट कर, की आत्मा अमर आहे इतकंच आपण मानत नाही. ज्या देहाला त्या माऊलीनं न्हाऊमाखू घातलं, तो देहही देवाला टाकाऊ नाही.

तिनं पुन्हा ‘कुठं आहे?’ विचारलं, तर ‘ख्रिस्तापाशी’ म्हण आणि थांब. स्वर्गाचा नकाशा काढत बसू नकोस. ‘देवानं असं का केलं?’ विचारलं, तर ‘मला ठाऊक नाही’ म्हणायला कचरू नकोस.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य आठव. आईवडील दुष्काळात गेले, पती लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. बाई तेव्हा साठी ओलांडलेल्या, थकलेल्या. तरी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी सोडलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. त्यांचं बायबल त्यानंतर छापून बाहेर पडलं. पौलाचा तो अध्यायही शेवटी इथंच येतो: मरण हरलं आहे, तेव्हा प्रभूच्या कामात नेटानं राहा, ते वाया जाणार नाही.

तुझं कामही रविवारी संपत नाही. प्रवचन थोडक्यात आटप. महिन्याभरानं, नातेवाइकांची ये-जा थांबल्यावर, पुन्हा जा. वडिलांना एकटं गाठ. बापमाणसाला रडायला कुणी जागा देत नाही. मृत्यूच्या दाखल्याचे, विम्याचे कागद अडले असतील तर त्यांच्याबरोबर तालुक्याला जा. सार्वकालिक जीवनाची आशा बाळगणाऱ्याला शोकाच्या घरातून लवकर निघायची घाई नसावी. तुझ्या प्रवचनाचा खरेपणा ती माणसं त्यावरूनच जोखतील.

मंडळीतल्या सर्वांना सलाम सांग.

तुझा,
मामा