भ्रमणध्वनी आणि मराठीचा अभ्यास

भाषा ही प्रथम कानांनी, मग जिभेने आणि शेवटी डोळ्यांनी शिकावयाची असते. आपल्या शाळांतून हा क्रम बहुधा उलटा होतो. विद्यार्थी पाठ्यपुस्तक वाचतो, शब्दार्थ पाठ करतो. परंतु शब्दाचा खरा उच्चार त्याच्या कानी क्वचितच पडतो. बेळगावसारख्या सीमाभागात, जेथे घरी मराठी, बाजारात कानडी आणि पडद्यावर हिंदी असे त्रिविध संस्कार होत असतात, तेथे ही उणीव अधिकच जाणवते. आज घरोघरी पोचलेल्या भ्रमणध्वनीचा, म्हणजेच मोबाइलचा, या कामी कसा उपयोग करता येईल, याचा येथे थोडक्यात विचार करू.

१. उच्चार. मराठीतील 'च' आणि 'ज' यांना प्रत्येकी दोन उच्चार आहेत. 'चंद्र' आणि 'चांदणे', 'जीवन' आणि 'जावई' हे शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. लिपीत अक्षर एकच, उच्चार मात्र भिन्न! हा भेद छापील पुस्तक दाखवू शकत नाही. म्हणून पाठातील एक उतारा मोठ्याने वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा. तोच उतारा शिक्षकांच्या वा घरातील जाणत्या माणसाच्या आवाजात मुद्रित करून घ्यावा, आणि दोन्ही लागोपाठ ऐकावेत. 'न-ण', 'ल-ळ', 'स-श' यांतील आपले दोष आपल्याच कानांना कळू लागतात.

२. कोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१; दुसरी आवृत्ती १८५७) व दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हे ग्रंथ पूर्वी मोठ्या ग्रंथालयांतच पाहावयास मिळत. आता ते मोबाइलवर विनामूल्य पाहता येतात. १९७६ साली ज्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला, तो मराठी विश्वकोशही तसाच उपलब्ध आहे. रोज एक शब्द कोशात शोधून वहीत उतरावा. कानडीत 'तायि' म्हणजे आई, मराठीत 'ताई' म्हणजे थोरली बहीण. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत मात्र दंड. अशा जोड्या जमविण्यात अभ्यासाबरोबर मनोरंजनही आहे.

३. लेखन. पुष्कळ विद्यार्थी निरोप पाठविताना मराठी रोमन अक्षरांत लिहितात. त्या लिपीत 'मला', 'माला', 'माळा' आणि 'मळा' हे चारही शब्द एकसारखेच दिसतात! मोबाइलमध्ये देवनागरी कळफलक सहज मिळतो; त्याचाच वापर करावा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा, हा भेद देवनागरीतच जपता येतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. यंत्र शब्द सुचविते, परंतु अर्थ जाणत नाही. 'दिन' (दिवस) आणि 'दीन' (गरीब) हे दोन्ही शब्द शुद्धच. त्यांपैकी वाक्यात कोणता हवा, हे लिहिणाऱ्यानेच ठरवावयाचे असते. यंत्राकडून निबंध लिहवून घेणे म्हणजे दुसऱ्याने व्यायाम करावा आणि आपण बलवान व्हावे, अशी अपेक्षा धरणे होय. शिवाय, हाती मोबाइल आला की लक्ष खेळांकडे आणि चित्रफितींकडे वळते. म्हणून अभ्यासाची वेळ ठरवून घ्यावी, तेवढ्यापुरते इतर निरोप बंद ठेवावेत आणि काम संपताच यंत्र बाजूस ठेवावे.

प्रत्येकाजवळ मोबाइल असलाच पाहिजे, असेही नाही. पाच विद्यार्थ्यांच्या गटास शिक्षकांच्या वा पालकांच्या देखरेखीखाली एक मोबाइल पुरतो. एकाने वाचावे, दुसऱ्याने मुद्रण करावे, इतरांनी ऐकून दोष टिपावेत.

विद्यार्थिमित्रहो, या सुट्टीत आणखी एक काम करता येईल. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडच्या म्हणी, जात्यावरच्या ओव्या आणि शेतीतील शब्द त्यांच्या अनुमतीने मुद्रित करून ठेवा. त्यांपैकी कित्येक शब्द कोणत्याही कोशात सापडणार नाहीत. ते बोलणारी माणसे गेली की शब्दही जातील. बहुभाषिक प्रदेशात आपली भाषा टिकते ती नित्य वापराने आणि डोळस अभ्यासाने. मोबाइल हे त्या अभ्यासाचे केवळ साधन आहे. ते कशासाठी वापरावयाचे, हे ठरविणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.