चित्रकथी : संहितेचा प्रश्न

मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासात पोवाडा, लावणी, भारूड या प्रकारांना जे स्थान लाभले, ते चित्रकथीला लाभले नाही. तिच्या चित्रांची दखल कलासमीक्षकांनी घेतली. परंतु कथनाची चिकित्सा त्या मानाने उपेक्षितच राहिली. चित्रकथीची संहिता नेमकी कशास म्हणावे, हा प्रश्न या उपेक्षेच्या मुळाशी आहे.

चित्रांच्या आधारे कथा सांगण्याची प्रथा प्राचीन आहे. चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात चित्रकथकाचा निर्देश आढळतो. महाराष्ट्रात ही परंपरा प्रामुख्याने सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाने जतन केली. सावंतवाडीच्या राजघराण्याचा तिला आश्रय होता. कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या यांचे खेळही याच समाजात चालत आले आहेत.

रामायण, महाभारत वा पुराणे यांतील एखाद्या आख्यानावरील सुट्या चित्रांच्या संचाला 'पोथी' म्हणतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरून निवेदन करतो आणि गातो. वीणा, टाळ व हुडूक यांची साथ असते. कथेचा संपूर्ण मजकूर मात्र या पोथीत लिहिलेला नसतो. नाव पोथीचे असले, तरी ती वाचावयाची नसून दाखवावयाची असते. शब्द कथेकऱ्याच्या स्मरणात असतात आणि ते पिढ्यानुपिढ्या मुखानेच संक्रमित होतात.

येथे चित्र आणि शब्द यांची कामे वाटली गेलेली दिसतात. चित्रातील पात्रे बहुधा एका बाजूने रेखाटलेली व समोरासमोर उभी असतात. म्हणजे चित्र संघर्षाचा वा संवादाचा एक क्षण स्थिर करते. त्या क्षणाच्या आधीचे व नंतरचे सारे शब्दांनी भरून काढावयाचे असते. बंगालमधील पटुआंचा पट सलग उलगडत जातो. चित्रकथीची पाने सुटी असतात. त्यामुळे कथेचा क्रम ठरलेला असूनही एखाद्या प्रसंगावर रेंगाळणे वा तो आटोपता घेणे कथेकऱ्याच्या हाती राहते. चित्रकथीची संहिता पोथीतही नाही आणि केवळ पाठांतरातही नाही. ती प्रयोगात, या दोहोंच्या संयोगातून सिद्ध होते.

हे ध्यानात न घेतल्याने झालेली हानी नामकरणातही दिसते. पैठण परिसरातून मिळालेल्या पोथ्यांमुळे ही चित्रे 'पैठण शैली'ची म्हणून ओळखली गेली. प्राप्तिस्थानाने चित्रांना नाव दिले, कथेकरी मात्र अनामिक राहिला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या संस्थांनी चित्रे नाशापासून वाचविली, हे उपकार मोठेच. परंतु भिंतीवरील चौकटीत गेलेल्या पानाला निवेदन उरत नाही.

पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाल्याने या कलेकडे लक्ष वेधले गेले. तथापि चित्रांना मागणी वाढली म्हणून कथन टिकेलच, असे नाही. एकाच पोथीवरील भिन्न कथेकऱ्यांची निवेदने ध्वनिमुद्रित करून, ती पानापानाशी जुळवून लिहून काढणे आणि त्यांतील पाठभेद नोंदविणे, हे मराठी विभागांचे कार्य आहे. जुने चित्र जपता येते, त्याची प्रतही काढता येते. न नोंदविलेले निवेदन मात्र कथेकऱ्याबरोबरच नाहीसे होते.