भाकरीबरोबरची गोळी

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका उपकेंद्रावर मी बीपी-शुगरचे पेशंट बघते. महिन्यातून दहा मिनिटं ते माझ्यासमोर असतात. बाकी सारे दिवस आपला आजार त्यांनाच सांभाळायचा असतो. त्यांच्याकडून मी जे शिकले, ते हे.

१. समोरच्यानं मान हलवली म्हणजे त्याला कळलं, असं मी कितीतरी दिवस धरून चालले होते. एका मावशींचं बीपी १७० च्या खाली येईना. गोळी रोज घेता ना, विचारलं की "घेते की." एकदा सहज विचारलं, "काल कधी घेतली?" तर म्हणाल्या, "काल कुठं डोकं दुखलं?" आयुष्यभर त्यांनी गोळी दुखण्यावरच घेतली होती. काहीही न दुखता बीपी वाढलेलं असतं, हे सांगायचं माझ्याकडूनच राहिलं होतं. आता मी विचारते, "घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?" माझं सांगणं कुठं अपुरं पडलं, ते त्या उत्तरात कळतं.

२. रजिस्टरात ज्यांच्या नावापुढे मी 'गैरहजर' लिहायची, ते उसाच्या फडात असायचे. दिवाळी झाली की टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत. कोयता थांबला की खाडा, खाडा झाला की पैसे कापले. आणि मी देत होते एका महिन्याच्या गोळ्या. आता निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलून जास्त महिन्यांचं औषध आणि चिठ्ठी सोबत देते.

३. सगळ्यात जास्त मला ऊसतोडीला जाणाऱ्या एका मामांनी शिकवलं. "सकाळी गोळी घ्या," असं मी सांगितलं होतं. माझी सकाळ आठची, त्यांची पहाटे चारची. शुगरची गोळी ग्लिमेपिराइड घेऊन ते फडात शिरत, भाकरी दहाला. ही गोळी पोटात काही असो-नसो, शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. वर कोयत्याचे कष्ट. "मोळी बांधताना हात थरथरायचे, घाम फुटायचा. मग उसाचं कांडं चघळलं की बरं वाटायचं." आणि मान खाली घालून, "तुम्ही ऊस खाऊ नका म्हणला होता सिस्टर, म्हणून सांगितलं नाही." शुगर ७० च्या खाली उतरली की पटकन गोड खाणं, हाच उपाय. तो त्यांनी स्वतः शोधला आणि माझ्या धाकानं लपवला. पेशंट खोटं बोलतात, असं मी पूर्वी म्हणत असे. ते आठवून लाज वाटली. आता मी घड्याळ सांगत नाही. पहिली भाकरी कधी खाता, ते विचारते आणि गोळी तिच्याबरोबर घ्यायला सांगते.

४. फ्रिज नाही, म्हणजे इन्सुलिन जमणार नाही, हे मीच ठरवून टाकायची. एका काकूंनी ते जमवून दाखवलं: ओल्या वाळूत माठ ठेवला, माठात कोरडा डबा, डब्यात इन्सुलिनची बाटली.

५. घरातली बाई सगळ्यांच्या मागून जेवते. उरेल त्यात तिनं पथ्य कसं पाळावं? हल्ली तिच्यासोबत सासूबाईंना आणि नवऱ्यालाही बसवते. काही घरांत जमतं, काहींत अजून नाही.

६. सगळं मीच सांगायला हवं, हा हट्ट सुटला. यंदा निघण्याआधी मामा आले. गोळ्या डब्यात, गुळाचा खडा फडक्यात बांधलेला, सोबत टोळीतले दोघं. मी रजिस्टर उघडेपर्यंत मामा त्यांना विचारत होते, "पहिली भाकरी कधी खाता रे?"